गांडुळाची पाठ कुठली, पोट कुठलं? दोन गांडुळं दोन उत्तरं देताहेत

हिंगण्याची आजी

प्रश्न वाचून हसाल. हसा, पण उत्तर द्या. घरात तीन दिवस यावरूनच चाललंय.

नातू दुसरीत आहे. रविवारी पाऊस जरा उघडला तेव्हा सोसायटीच्या पेव्हिंग ब्लॉकवर गांडुळं आली होती. त्यातलं एक त्याने उचलून वर आणलं, वहीत त्याचं चित्र काढलं (डोळे आणि मिशांसकट) आणि विचारलं, "आजी, याची पाठ कुठली आणि पोट कुठलं?" मी बँकेत कॅशला ३४ वर्षं काढली. नोट उलटी लागली की सुलटी ते मला न बघता बोटाला कळतं. या प्राण्यापुढे मात्र गप्प बसले.

सुनेने मोबाइलवर शोधलं. त्यात म्हणे गांडुळाच्या पोटाला बारीक राठ केस असतात, बोट फिरवल्यावर खरखरीत लागेल ती खालची बाजू. बरं. आमच्या सोसायटीत मिळकतकरात सवलत मिळते म्हणून गांडूळखताचा खड्डा केलाय. सवलत मिळाल्यापासून त्याच्याकडे माझ्याशिवाय कुणी बघत नाही, तो विषय वेगळा. त्यातलं एक तांबडं, अंगावर पट्टे असलेलं गांडूळ घेतलं. बोट फिरवलं, तर खरंच एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी अगदी झिजलेल्या पॉलिश पेपरसारखी. नातू खूश.

मग नातवाने आणलेलं मातकट गांडूळ घेतलं, तर ते सगळीकडून खरखरीत! वरून, खालून, कडेने. हात धुऊन पुन्हा पाहिलं, तरी तेच.

नातवाचं म्हणणं, याला पाठच नाही, चहूबाजूंनी पोटच आहे. सून म्हणते, "आई, तुमच्या बोटाला कळत नसेल." माझ्या बोटावर घेतलेली शंका मला अजिबात आवडलेली नाही. कुणी जाणकार आहे का इथे?

पेठेतला

जमिनीला टेकलेली खालची, आभाळाकडची वरची. यात विचारण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. गांडुळालाही कधी हा प्रश्न पडला नसेल.

हिंगण्याची आजी

तुमचं उत्तर नातवाला वाचून दाखवलं. त्याने गांडूळ उताणं केलं आणि म्हणाला, "आता?"

मेणाचा ट्रे

ताई, तुमचं बोट शंभर टक्के बरोबर आहे. मोबाइलही खोटं सांगत नाही. तो फक्त दुसऱ्याच गांडुळाबद्दल बोलतोय.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, ३१ वर्षं. पावसाळा सुरू झाला की एक गृहस्थ पत्र्याच्या डब्यात, ओल्या मातीत गांडुळं घालून आणून द्यायचे, मोजून. ती धुऊन, मारून, मेणाच्या ट्रेमध्ये मांडून ठेवायची हे माझं काम. मुलं यायच्या आत वीस ट्रे तयार पाहिजेत. त्यामुळे दुसऱ्या कशात नसेल, पण या विषयात माझा थोडा अधिकार आहे.

तुमच्या खड्ड्यातलं तांबडं, पट्ट्यांचं गांडूळ म्हणजे बहुधा आयसेनिया फेटिडा. खतासाठी सगळीकडे हेच देतात. हे मूळचं युरोपकडचं. त्याच्या अंगावरच्या दर कड्यावर, म्हणजे वलयावर, केस फक्त आठ, म्हणजे चार जोड्या, आणि त्या सगळ्या पोटाकडे आणि कुशीकडे. पाठ कोरी. म्हणून बोटाला फरक लागला.

आवारातलं मातकट गांडूळ आपल्या मातीतलं. आम्ही कॉलेजात शिकवायचो ते फेरेटिमा पोस्टह्यूमा. हल्ली त्याला मेटाफायर पोस्टह्यूमा म्हणतात, पण माझ्या तोंडून अजून फेरेटिमाच येतं. तुमचं नेमकं तेच असेल असं न बघता सांगणार नाही. पण ते असो नाहीतर लॅम्पिटो हे आपल्याकडचंच दुसरं गांडूळ असो, आपल्याकडच्या पुष्कळ गांडुळांच्या केसांची रचना सारखीच असते. प्रत्येक कड्याच्या मधोमध केसांची गोल माळ, पाठीवरूनही आणि पोटावरूनही. फेरेटिमात एका कड्यावर ८० ते १२० केस. पहिलं कडं, शेवटचं कडं आणि गळ्याजवळचा तो फुगीर पट्टा, एवढं सोडून सगळीकडे. तेव्हा तुमचा नातू म्हणतो ते केसांपुरतं खरंच आहे. याला चहूबाजूंनी पोट!

केसांचा नियम तिकडच्या पुस्तकांतला, तिकडच्या गांडुळाचा. तो इकडच्या मोबाइलवर आला आणि तुमच्या सुनेच्या मार्गे तुमच्या बोटापर्यंत पोचला.

आता पाठ ओळखायची कशी ते सांगतो. चिनी मातीची पांढरी बशी घ्या. स्टीलचं ताट नको, चकाकतं. हात ओले करा आणि गांडूळ बशीत ठेवा. पाण्यात बुडवू नका, नुसतं ओलं राहू द्या. ते कातडीने श्वास घेतं, कोरडं पडलं तर गुदमरतं. उजेडाकडे तिरकं बघितलं की एका बाजूला मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक गडद रेघ दिसेल, कुणीतरी बॉलपेनने ओढल्यासारखी. ती पाठ. रेघ म्हणजे कातडीखालची मोठी रक्तवाहिनी. त्या बाजूचा रंगही जास्त गडद असतो. पोट फिकं.

पण इथे एक गंमत आहे, आणि दरवर्षी निम्मा वर्ग तिथे फसायचा. फिकट गांडुळाला पोटाकडूनही एक पुसट रेघ दिसते. ती खालची रक्तवाहिनी. मग पोरं विचारायची, "सर, दोन्हीकडे रेघ आहे, आता काय?" मेलेल्या गांडुळात अडचण होते खरी, तुमच्याकडे तर जिवंत आहे. रेघेकडे टक लावून बघा, जरा शेपटाकडच्या भागात. वरच्या वाहिनीत रक्त मागून पुढे ढकललं जातं, शेपटाकडून तोंडाकडे. वाहिनी स्वतःच आवळते आणि त्याची लाट पुढे सरकताना दिसते. खालची वाहिनी आवळत नाही. तिच्यातून रक्त नुसतं वाहतं, तेही उलट दिशेने. तेव्हा हलते ती पाठ.

तोंडाकडची बाजू कुठली हे लहान मुलाला लवकर कळतं. पट्टा ज्या टोकाच्या जवळ, तिकडे तोंड. भिंग असेल तर अजून एक बघा. तोंडाच्या वर एक छोटा मांसल गोळा असतो, छज्जासारखा पुढे आलेला. छज्जा वर, तोंड खाली. आम्ही मुलांना पृष्ठ बाजू (पाठ) आणि अधर बाजू (पोट) असं शिकवायचो. दरवर्षी कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणायचंच, "सर, अधर म्हणजे ओठ ना?" आणि मग पाच मिनिटं वर्ग हातात राहायचा नाही.

पोटाची खूण बघायची तर पट्टा असलेलं, म्हणजे पूर्ण वाढलेलं गांडूळ घ्या. फेरेटिमाचा पट्टा १४, १५, १६ या तीन कड्यांवर असतो, सगळीकडून गोल, अंगठीसारखा. पट्टा संपला की लगेचचं कडं १७वं. त्या कड्याच्या पोटाकडे दोन बारीक उंचवटे, १८व्यावर दोन छिद्रं, १९व्यावर पुन्हा दोन उंचवटे. सदऱ्याच्या गुंड्या लावाव्यात तसे. पाठीवर यातलं काही नसतं. गुंड्या दिसल्या की पोट, विषय संपला. तांबड्या गांडुळाचा पट्टा मात्र बराच मागे, २४व्या-२५व्या कड्यापासून सुरू होतो आणि तो अंगठी नसतो, खोगीर असतो. पाठीवर आणि कुशीला फुगीर, पोटावर नाही. म्हणजे त्याची पाठ नुसत्या पट्ट्यावरूनही कळते.

एवढं लिहिलंच आहे तर एक जुनी गोष्ट. साल ९४ किंवा ९५ असेल. प्रॅक्टिकलची परीक्षा होती, बाहेरून परीक्षक आले होते. गांडुळ कापताना ते पाठ वर करून टाचायचं आणि मधल्या रेघेच्या किंचित बाजूने चिरायचं, म्हणजे वाहिनी तुटत नाही. एका मुलाने पोटाकडून चिरलं. गांडुळाचा मज्जारज्जू पोटाकडे असतो, पांढऱ्या दोऱ्यासारखा. तो पहिल्याच झटक्यात दोन तुकडे. परीक्षक म्हणाले, हृदयं दाखवा. फेरेटिमाला हृदयांच्या चार जोड्या, ७, ९, १२ आणि १३व्या कड्यात. तो बिचारा घामाघूम होऊन शोधत राहिला. परीक्षक म्हणाले, "अहो, तुम्ही दारातून न शिरता जोत्यातून शिरलात."

मुलं हसली. तो नापास झाला नाही, पण मार्क गेले. आता खरं सांगायचं म्हणजे तो ट्रे मी मांडला होता. सकाळी घाईत होतो, फॉर्मलिनमधली गांडुळं रंग उडालेली, आणि मी त्यातली तीन-चार उताणी ठेवली. बाकीच्यांनी ती बघून पालथी करून घेतली. या पोराने ट्रेवर विश्वास ठेवला. मी तेव्हा काही बोललो नाही.

भोरची मळेवाली

आमच्याकडं याला दानवं म्हणतात, गांडूळ हा पुस्तकातला शब्द. मी गांडूळखताचे आठ बेड लावते, तुमच्या पुण्यातल्या सोसायट्यांना कल्चर, म्हणजे जिवंत दानवं, किलोवर देते.

काकांनी सगळं सांगितलंच आहे. आमची रीत सोपी आहे. ओल्या गोणपाटावर दानवं उताणं टाकायचं आणि हात काढून घ्यायचा. ते आधी तोंडाकडचा भाग पिळतं आणि मग सगळं अंग त्याच्या मागं वळवून पालथं होतं. जी बाजू वर आणून मगच चालायला लागतं ती पाठ. त्याला कुणी शिकवत नाही.

अजून एक. तांबडं दानवं जोरात दाबलं की अंगातनं पिवळं पाणी काढतं, वास घाण येतो. ते पाणी पाठीवरच्या बारीक भोकांतनं येतं. नवीन मुलगी कामाला आली की पहिल्या दिवशी हाताचा वास घेऊन तोंड वाकडं करते. म्हणून सांगते, नातवाला दाबू देऊ नका.

आणि कुणाच्या खड्ड्यात मोठं, जांभळट चमक मारणारं दानवं असेल तर ते आफ्रिकेकडचं, युड्रिलस. त्याची पाठ-पोट ओळखायला रेघ शोधत बसायला नको. वरून जांभळं, खालून फिकं, लांबूनही कळतं.

कात्रजचा साप्या

मधे तोंड घालतो, कारण दर पावसाळ्यात मला याच्यावरून फोन येतात. कुंडीत "काळं बारीक गांडूळ" दिसलं तर आधी ते गांडूळच आहे ना ते बघा. वाळा नावाचा साप असतो, बोटभर-वीतभर लांबीचा, पुण्यात कुंड्यांमधे हमखास सापडतो. काही गावांत गांडुळालाच वाळे म्हणतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

वाळ्याच्या अंगावर कडी नसतात, चकचकीत खवले असतात. जरा वेळ बघितलं की जीभ बाहेर काढतो. विषारी नाही, चावण्याइतकं तोंडही नाही, मारू नका. पण या धाग्याच्या दृष्टीने मजा अशी की बाकीच्या बहुतेक सापांना पोटाकडे रुंद पट्ट्या असतात, उलटा केला की लगेच कळतं. वाळ्याला त्या नाहीत. पोटावर आणि पाठीवर खवले एकाच मापाचे. आजींच्या नातवाची व्याख्या लावायची तर हा खरा चहूबाजूंनी पोट असलेला.

हिंगण्याची आजी

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी प्रयोग केला. बशी पांढरी, टेबललॅम्प तिरका, सगळं सांगितल्याप्रमाणे.

मातकट गांडुळाची रेघ दिसली. पण रेघेपेक्षा ती लाट! मागच्या बाजूने काहीतरी सरकत येतं आणि पुढे जातं, पुन्हा येतं. नातू मोजत होता, मी घड्याळ धरलं होतं. एका मिनिटात १४, मग १७, मग तो मधेच शिंकला. सून स्वयंपाकघरातून बघायला आली आणि गॅस चालू आहे हे विसरली. दूध उतू गेलं. बोटाबद्दल तिने काही म्हटलं नाही, मीही विषय काढला नाही.

गुंड्याही दिसल्या, पण भिंगातून. नातवाने लगेच चित्र दुरुस्त केलं, आता त्याच्या गांडुळाला पोटावर गुंड्या आहेत. मिशा तशाच ठेवल्यात.

काकांना एक विचारायचं आहे. हृदय आणि मोठी रक्तवाहिनी पाठीकडे, मज्जारज्जू पोटाकडे. आपल्यात नेमकं उलटं नाही का? आपला मणका पाठीत, हृदय पुढे. नातू म्हणतो, मग उताणं कोण आहे, आपण की ते?

मेणाचा ट्रे

ताई, तुमच्या नातवाने दोनशे वर्षांपूर्वीचा वाद उकरून काढलाय. फ्रान्समध्ये एटिएन जॉफ्रॉय सेंत-इलेअर नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८२२ साली शेवंड (लॉब्स्टर) कापून असंच म्हटलं होतं की हा प्राणी उताणा धरला तर आतली मांडणी आपल्यासारखी दिसते. लोक तेव्हा हसले. पुढे १९९० नंतर माशी आणि बेडूक यांच्या गर्भावर काम झालं. पाठ-पोट ठरवणारी जनुकं दोघांत त्याच घराण्यातली निघाली, फक्त एकाची पोटाकडची दुसऱ्याच्या पाठीकडे काम करताना दिसली. तेव्हा उताणं कोण, हे कुणाच्या बाजूने बघता त्यावर आहे. नातवाला सांगा, बरोबरच्या जागी बोट ठेवलंस.

फक्त मेंदूच्या बाबतीत गांडूळ आपल्याशी जुळतं. मज्जारज्जू पोटाकडे असला तरी मेंदूचे दोन पांढरे दाणे वर, घशाच्या डोक्यावर, तिसऱ्या कड्याच्या आसपास असतात. तिथून दोन्ही बाजूंनी घशाला वळसा घालून दोरे खाली उतरतात आणि तिथे रज्जू सुरू होतो. घशाभोवती कडंच ते. ते कडं न तोडता मोकळं करून दाखवणं हा आमच्याकडे कौशल्याचा कळस. माझ्या हातून आयुष्यात दहा-बारा वेळाच नीट निघालं असेल.

आता ते कुणी करत नाही. २०१४ साली यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) कॉलेजातली चिरफाड बंद केली, आणि बरंच केलं म्हणायचं. ते डबेवाले गृहस्थ त्याआधीच यायचे थांबले होते. आमचे ट्रे वर्षभर माळ्यावर पडून राहिले, निवृत्त होताना एक मी मागून घेतला. मेण खरवडून काढलं नाही. गॅलरीत आहे, त्यावर बोनसायच्या तारा आणि कात्री ठेवतो. उजेड पडला की टाचण्यांची भोकं दिसतात.

भोरची मळेवाली

काका, त्या पोराला पुढं कधी सांगितलं का?

मेणाचा ट्रे

नाही. तो नंतर बराच मोठा झाला असं ऐकलं, पण प्राणिशास्त्रात नाही. एकदा लक्ष्मी रोडला समोरून येताना दिसला होता, दिवाळीची गर्दी होती. त्याने नमस्कार केला, "सर, ओळखलंत का?" म्हणाला. मी म्हटलं, हो. तेवढ्यात गर्दीने आम्हाला दोन बाजूंना नेलं.

पेठेतला

कालचं माझं उत्तर मागे घेतो. आज सकाळी तुळशीच्या कुंडीत एक सापडलं, बशीत घेतलं. रेघ आहे. १७वं कडं शोधताना दोनदा मोजणी चुकलो, तिसऱ्यांदा पट्ट्यापासून मोजलं तेव्हा जमलं. उताणं केलं तर भोरच्या ताई म्हणतात तसंच तोंडाकडून पिळत पालथं झालं. बशी लग्नातल्या सेटमधली होती, त्यावरून घरात जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

हिंगण्याची आजी

गांडूळ कुंडीत परत सोडलंत ना?

पेठेतला

सोडलं. पाठ वर ठेवून.